उमरखेडला पाळलेलं मौन

यवतमाळ जिल्ह्यात सहलीला कुणी जात नाही. सध्या तर मुळीच जात नाही. कापसाच्या संकटाची ही वर्षं. पेपरात यवतमाळचं नाव रोज येतं आणि कशासाठी येतं ते सांगायला नको. म्हणून मी उमरखेडला निघालोय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, कुणी गेलं का. कुणी गेलं नव्हतं. मी योग शिकायला चाललो होतो. हे ऐकून काकू जास्तच काळजीत पडल्या. योग शिकायला पुण्याबाहेर जायचं म्हणजे हापूस आणायला रत्नागिरीहून सोलापूरला जाण्यातला प्रकार.

खुलासा करतो. मी पोटापाण्यासाठी विमा कार्यालयात आणि हौसेसाठी योगवर्गात. आमच्या सरांच्या वर्गात अठरा वर्षं काढली, पुढं सरांचं वय झालं तसा वर्ग मीच चालवू लागलो. शीर्षासन वीस मिनिटं, मयूरासन मागाल तेव्हा. नम्रपणे सांगायचं तर माझ्या वयाच्या माणसांत पश्चिमोत्तानासन माझ्यासारखं करणारा आमच्या पेठेत दुसरा नव्हता. पण सरांचा एक हट्ट होता. आसनं शिकव, प्राणायाम शिकवायचा नाही. आणि त्याच सुमाराला टीव्हीवर रोज सकाळी पोट हलवणं सुरू झालं. वर्गातली माणसं विचारू लागली, आपल्याकडे श्वासाचं कधी? दोन महिन्यांत निम्मी सतरंजी रिकामी झाली. मी सरांच्या खनपटीला बसलो.

सर तरुणपणी उमरखेडला तहसील कचेरीत कारकून होते. तिथं पैनगंगेच्या काठी एक बुवा राहायचे, त्यांच्याकडे सर हठयोग शिकले. बरोबर दुसरा शिष्य होता जवळच्या बंजारा तांड्यावरचा हरसिंग. बुवांनी निरोप देताना दोघांना एकच अट घातली, श्वास शिकवण्याची परवानगी कुणाला द्यायची झाली तर एकट्याच्या मनानं द्यायची नाही, दुसऱ्याचा होकार घ्यायचा. सर म्हणाले, "माझं मत तुला सांगत नाही. हरसिंगकडे आठ दिवस राहून ये. तो हो म्हणाला तर तू उद्यापासून शिकव."

आठ दिवसांत वर्ग वाचणार होता. मी रजा टाकली. सुनंदेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, डब्यात दशम्या भरून दिल्या आणि एवढंच सांगितलं की तिकडं जरा कमी बोला.

स्टँड ते तांडा

नांदेडपर्यंत रेल्वे आणि पुढं एसटी, त्यात सांगण्यासारखं काही नाही. उमरखेडच्या स्टँडवर उतरलो आणि भूक लागली म्हणून बटाटेवडा मागितला. तिकडं त्याला आलुबोंडा म्हणतात आणि तो रश्श्यात बुडवून देतात. रस्सा असा की पहिल्या घासाला माझे दोन्ही कान बंद झाले. हॉटेलवाल्यानं पाण्याचा जग पुढं सरकवला आणि आपुलकीनं विचारलं, कोणत्या पेपरचे? पेपरचा नाही म्हटल्यावर, मंग सर्वेवाले काय? तेही नाही. योगासाठी आलोय म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"योगवाले तं मागच्याच महिन्यात येऊन गेले ना. टेन्शन नका घेऊ म्हने, लंबा श्वास घ्या म्हने. घेतला बापा. कापूस तिथंच हाये."

मी काही बोललो नाही, कारण माझी जीभ अजून परत आली नव्हती.

तांड्यापर्यंत काळीपिवळी जीप होती. तिच्यात आम्ही चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि एक फवारणीचा पंप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची शेतं, आणि मधूनमधून तुरीच्या ओळी. लांबून छान दिसतं. जवळून पाहिलं तर बायका कमरेला ओटी बांधून वाकलेल्या, आणि त्या वाकण्याला पश्चिमोत्तानासन म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

तांडा माळाच्या उतारावर होता. मातीची घरं, कडुनिंब, पांढऱ्या झेंड्याचं छोटं देऊळ. हरसिंगदादा अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. पंचाहत्तरीचे असावेत, अंगात कोपरी, डोक्याला पटका, चेहऱ्यावर दाढीचे पांढरे खुंट. मी साष्टांग नमस्कार घातला. ते त्यांच्या बोलीत "आव, बेस", म्हणजे ये, बस, असं म्हणाले आणि माझ्यापुढं शेंगांचा ढीग सरकवला. म्हणजे सोलायला.

शेंगा सोलता सोलता मी स्वतःची माहिती दिली. ती बरीच होती. यम-नियम सांगितले, षट्क्रिया सांगितल्या, नेती मी रोज करतो हे सांगितलं, हल्लीच्या लोकांनी योगाची कशी कसरत करून टाकली आहे यावर तर मी फारच चांगलं बोललो. दादांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "जेवला काय?"

त्यांच्या पत्नीला अख्खा तांडा याडी म्हणतो, म्हणजे आई. याडीनं ताटात दोन जाडजूड भाकऱ्या, ओल्या तुरीच्या सोल्यांची वांगं घातलेली भाजी आणि ठेचा वाढला. भाजी अशी की पुण्यातल्या आमच्या आमटीला तिच्या शेजारी बसायची लाज वाटावी. तरीही तिसरी भाकरी आली तेव्हा मी ताटावर हात धरला आणि मिताहार समजावून सांगितला. पोटाचे दोन भाग अन्नाला, एक पाण्याला, चौथा हवेला मोकळा ठेवायचा. याडी तिच्या बोलीत काहीतरी बोलली. दादा हसू दाबत म्हणाले, "ती म्हनते, हवेचा भाग जाताना जीपमंदी भरून घेजो." तिसरी भाकरी ताटात पडली. सांगायला हरकत नाही, ती गेलीही.

संध्याकाळी मी मुद्द्यावर आलो. दादा आसनं कोणती करतात?

"दोनच. एक निजाचं, एक बसाचं. गुडघे गेले ना बावा."

मी मनातून खट्टू झालो. एवढ्या लांब येऊन पाहायचं काय, तर शेंगा सोलणारा म्हातारा. बुवांनी तुम्हाला काय शिकवलं असं खोदून विचारलं तेव्हा ते म्हणाले, तुह्या सरले आसनं देल्ली, मले एक साल नदीच्या उतारावर बसवलं. येनारा-जानारा पाह्य म्हने. मी विचारलं, पाहून काय करायचं? काही नाही, पाहायचं. मला वाटलं, गरीब शिष्याला बुवांनी वाऱ्यावर सोडलं.

त्यानंतर मी आणखी तासभर बोललो असेन. शेवटी दादांनी हात वर केला आणि म्हणाले, मास्तर, उद्याचा दिवस चूप राहून पाह्य.

परीक्षा

साधा माणूस असता तर त्यानं दुसऱ्या दिवशी थोडं कमी बोलून वेळ निभावली असती. पण मी साधक. मी मौनाच्या पुढं जाऊन काष्ठमौन घेतलं. सूर्योदय ते सूर्यास्त बोलणं नाही, लिहिणं नाही, हातवारे नाहीत, जागेवरून उठणंसुद्धा अगदी गरजेपुरतं. सकाळी याडीनं चहा दिला तेव्हा मी तिच्याकडं नुसतं प्रसन्न बघितलं. तिला वाटलं माझ्या पोटात दुखतंय. तिनं ओव्याची चिमूट आणून दिली.

ती दोघं वेचणीला शेतावर गेली. मी ओसरीत पद्मासन घातलं. मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता आणि दाराच्या फटीतून त्याचा ऊबदार वास येत होता. नऊच्या सुमाराला शेजारचा प्रल्हाद मोटरसायकलवरून आला. इंजिन चालूच ठेवून त्यानं मला सांगितलं की दादांना निरोप द्या, कापूस खरेदी केंद्रावर त्यांचा नंबर आजच लागून राह्यला. बाराच्या आत बंडी, म्हणजे बैलगाडी, काट्यावर पाहिजे. चुकला तर उद्या सुट्टी आणि परवापासून रांग नवी.

मी त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. हात जोडलेलेच होते. त्याला वाटलं समजलं. "सांगा बरं का भाऊ," म्हणून तो गेला.

आता माझ्या डोक्यात काय आलं ते सांगताना आजही कानशिलं तापतात. मला वाटलं, ही परीक्षा आहे. लहानपणापासून गुरूंच्या गोष्टी ऐकलेल्या. गुरू शिष्याला काम देतो आणि मग त्याचं व्रत मोडायला कुणालातरी पाठवतो. आग लावतो, पूर आणतो, गायी सोडतो. हरसिंगदादांनी प्रल्हादला पाठवलं होतं, दुसरं काय? नेमका आजच नंबर लागतो? मी मनात हसलो. म्हटलं दादा, पुणेकर आहे मी, इतक्या स्वस्तात सापडणार नाही. आणि डोळे मिटले. बारा वाजून गेले तेव्हा तर मला इतकं हलकं वाटलं की याआधी कुठल्याही ध्यानात वाटलं नव्हतं.

दिवस मावळायला दोघं आली. मी उठलो, दादांच्या पाया पडलो आणि चार शब्दांत सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, मी ओळखलं होतं.

दादांनी डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. "काय ओळखलं?"

"परीक्षा."

त्यांनी पटका सोडून झटकला. मग म्हणाले, "तुही परीक्षा घ्याले मले येळ कुठं हाये बावा? कापूस वेचाचा हाये."

याडीला एव्हाना सगळं कळलं होतं. तिनं तिच्या बोलीत माझी जी पूजा बांधली तिच्यातला एक शब्द मला कळला नाही आणि एकाचाही अर्थ कळायचा राहिला नाही. दहा दिवस त्यांनी त्या नंबराची वाट बघितली होती. मी ओसरीत उभा होतो आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मला बोलायला काही सुचत नव्हतं. लाज वाटली. नुसती लाज नाही, भीती वाटली, की अठरा वर्षं मी हे काय शिकलो.

जेवताना मी दादांना विचारलं, तुम्हाला राग नाही आला? म्हणाले, आला ना. येऊन राह्यला, जाऊन राह्यला. त्याले चहा नाई पाजाचा. परवानगीचं विचारायची सोय त्या दिवशी तरी नव्हती. मी फक्त म्हणालो की रांगेत मी बसतो. दादा म्हणाले, "बसशीन तं खरं. पन मीही येतो. तू कोनाशी बोलशीन का नाई याचा भरवसा नाई."

रांग

एक दिवस सोडून आम्ही बंडी भरली. कापूस दाबायला मला वर चढवलं आणि मी कमरेपर्यंत आत गेलो. याडी तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

केंद्राबाहेर बंड्या मुख्य रस्त्यापर्यंत लागल्या होत्या. बैल सोडलेले, जुवाखाली कडबा, चाकांच्या सावलीत माणसं पसरलेली. आमच्याकडं रेशनच्या रांगेत पुढच्याची मान आणि मागच्याचं कोपर एवढीच ओळख होते. इथं एकाची भाकरी दुसऱ्याच्या ठेच्याशी आणि तिसऱ्याच्या कांद्याशी खाल्ली जात होती. मला दर अर्ध्या तासानं कुणीतरी विचारायचं, कोणत्या पेपरचे? दादा परस्पर सांगायचे, पेपरचा नाई, मौनी हाय. सगळे हसायचे. मीही हसायला शिकलो.

दादा बंडीच्या साटीला पाठ लावून बसले ते बसलेच. मांडी वगैरे काही नाही, एक पाय लांब, एक दुमडलेला. कुणी येऊन बैलाचा खूर दाखवायचं, कुणी सुनेची तक्रार सांगायचं, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या नावानं कुणी शिव्या द्यायचं. दादा समोरच्याकडं पाहायचे, ऐकायचे, एखादा शब्द बोलायचे. मी बाजूला कापसाच्या ढिगावर पद्मासन जमवायचा प्रयत्न करत होतो आणि हळूहळू कलंडत होतो.

आमच्या पुढची बंडी द्वारकाबाईंची होती. पंचेचाळीस-पन्नाशीची बाई, नवऱ्याला बैलानं लाथ मारल्यामुळं तो पाय बांधून घरी, म्हणून बंडी हिनंच हाकत आणलेली. बोलायला तिखट. पण चार वाक्यं बोलली की थांबायची आणि खांदे वर उचलून श्वास ओढायची. बरीच वर्षं सरकी काढायच्या जिनिंग मिलमध्ये कामाला होती, तिथं कापसाचं तूस छातीत बसलं असं तिनंच सांगितलं. सगळ्यांना ते माहीत होतं आणि ती थांबली की सगळे थांबायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळा फार झाला. कुणीतरी म्हणालं, मौनीबाबा, काही करून तर दाखवा. दादा बैलांना पाणी पाजायला नेत होते. मी उपरण्याची चुंबळ केली आणि भर रस्त्यात शीर्षासन लावलं. काय सांगू, आमच्या वर्गात इतक्या टाळ्या कधी पडल्या नाहीत. मी खाली उतरलो, तांबडालाल झालेला, तेव्हा द्वारकाबाई पुढं आल्या.

"भाऊ, उलटं व्हाचं राहू द्या. श्वासाचं येते काय तुम्हाले? मले दम पुरत नाई."

मला परवानगी नव्हती. हे मी जाणून होतो. पण तीनच दिवसांपूर्वी मी नियम पाळून दादांचा नंबर घालवला होता, आणि आता नियमावर बोट ठेवून या बाईला नाही म्हणायचं? मनानं लगेच कौल दिला. खरं सांगतो, कौल देणाऱ्या मनात टाळ्या अजून वाजत होत्या. मी त्यांना समोर बसवलं, पोट आत, श्वास बाहेर, पोट आत, श्वास बाहेर, असं दाखवलं आणि आकडे मोजू लागलो. भोवतालची माणसंही मोजू लागली. वीस. पंचवीस. माझं लक्ष मोजण्याकडं, आणि लय कशी छान धरली आहे याकडं. तीस झाले आणि द्वारकाबाई पुढं झुकल्या.

छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डोळे मोठे झाले, ओठांचा रंग गेला, हात माझ्या मनगटावर आला आणि घट्ट आवळला. मी नुसता म्हणत होतो, शांत व्हा, शांत व्हा. कुणीतरी दादांना हाक मारली.

दादांनी येऊन पहिल्यांदा मला बाजूला केलं. दोन बायकांच्या आधारानं द्वारकाबाईंना कापसापासून लांब, वारा येत होता त्या बाजूला, निंबाखाली नेलं. समोर पोतं उभं करून त्याच्यावर हात टेकवून बसवलं. पदराच्या गाठीला दवाखान्यातली गोळी होती ती दिली. कुणी ऑटो आणायला पळालं तर बाईंनीच मानेनं नको म्हटलं, नंबर जाईल. मग दादा त्यांच्या शेजारी बसले. काही शिकवलं नाही, धीर द्या, सोडा, असलं एक अक्षर बोलले नाहीत. नुसते बसले आणि त्यांच्याकडं पाहत राहिले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा. अर्ध्या तासानं आवाज कमी झाला, तेव्हा कुठं कुणीतरी काळा चहा आणला आणि माझ्या लक्षात आलं की तांब्यातलं निम्मं पाणी माझ्या धोतरावर सांडलं आहे.

दादा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

परवानगी

तिसऱ्या दिवशी सकाळी नंबर पुकारायला सुरुवात झाली. आमच्यापुढं सात बंड्या होत्या. मी दादांसमोर बसलो आणि म्हणालो, मी आज जातो. सरांना काय सांगू? नाहीच सांगायचं असेल तर तसं सांगा.

दादांनी बिडी विझवली. योगी बिडी ओढतो हा धक्का मी पहिल्याच दिवशी पचवला होता.

"माह्यापाशी कायले मांगतं?" ते म्हणाले. "जिचा दम तू अडकवला, तिले इचार."

मी म्हटलं, त्या काय सांगणार, त्यांना योगातलं काय कळतं. म्हणालो आणि जीभ चावली. दादांनी ऐकलं नसल्यासारखं केलं आणि बैलांकडं गेले.

माझ्यापासून द्वारकाबाईंची बंडी चार पावलांवर होती. अठरा वर्षांत मी वाट्टेल तशी अवघड आसनं केली, पण ती चार पावलं मला झेपेनात. काय म्हणून विचारायचं? काल तुम्हाला मारलं असतं, आज सही द्या? शेवटी गेलो. त्या चाकाला टेकून बसल्या होत्या, कालच्यापेक्षा बऱ्या, पण डोळे खोल गेलेले. मी आधी माफी मागितली. ती एका वाक्यात संपली, हे माझ्या बाबतीत नवीनच. मग म्हणालो, पुण्यात माझा वर्ग आहे. लोकांना श्वास शिकवू का, हे दादांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय.

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत.

"माहा दम कसा चालते, मालूम हाये तुम्हाले?"

"नाही."

"मंग काल कायचं मोजून राह्यले होते?"

त्यांनी चाकाजवळची जागा हातानं झाडली. "बसा अठी. मी घेतो तसा घ्या. जास्त नाई घ्याचा अन् कमी नाई घ्याचा."

मी बसलो. त्यांच्याकडं पाहत, त्या घेतील तसा श्वास घेऊ लागलो. आत येणारी हवा गळ्याच्या जरा खालपर्यंत यायची आणि संपायची. सोडायला मात्र वेळ लागायचा, जसं काही कुणी दार अर्धंच उघडून धरलंय. पुन्हा घ्यायचा, पुन्हा तेवढाच. दहा-बारा श्वासांत माझ्या छातीत कालवाकालव व्हायला लागली. विसाव्याला घाम फुटला. मला मोठा, पोटभर श्वास घ्यावासा वाटत होता आणि मी तो घेऊ शकत होतो. त्यांना घेता येत नव्हता. एवढ्याशा हवेवर ही बाई बंडी हाकते, कापूस वेचते, ग्रेडरशी भांडते आणि घरी जाऊन नवऱ्याला भाकर थापते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते लपवता आलं नाही आणि लपवावंसंही वाटलं नाही.

किती वेळ बसलो माहीत नाही. पुढून त्यांचा नंबर पुकारला. त्या चाकाचा आधार घेऊन उठल्या, थांबल्या, श्वास ओढला. मीही ओढला, तेवढाच.

"पुढच्या हंगामाले या," द्वारकाबाई म्हणाल्या. "मी इथंच राह्यतो, रांगेत. आनखी बसा माह्यापाशी. मंग सांगतो, शिकवाचं का नाई ते. आता बैल धरा."

मी बैल धरले. बंडी काट्यावर गेली.

दुपारच्या गाडीनं निघालो. याडीनं दशम्यांच्या रिकाम्या डब्यात सोले भरून दिले. दादा स्टँडपर्यंत आले आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही नाही. ते मौन कुणी घ्यायला सांगितलं नव्हतं.

पुण्याला येऊन सरांना सगळं सांगितलं, कापसात कमरेपर्यंत गेलो तेसुद्धा. सर डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, हरसिंगनं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, आणि काम बरोबर माणसाकडं सोपवलं. पुढच्या वर्षीची रजा आत्ताच टाकून ठेव.

टाकली आहे. वर्गात सध्या अकरा माणसं येतात. आसनं करतात, मी त्यांच्याकडं पाहतो. श्वासाचं कुणी विचारलं की सांगतो, उमरखेडकडच्या एका बाईंची परवानगी यायची आहे. लोकांना वाटतं, मी चेष्टा करतोय.